पोफळीवरची वायर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पुन्हा गेलं! सकाळपासून तिसऱ्यांदा! राउटरवर लाल दिवा आणि उन्नती लॅपटॉपसमोर — "हॅलो, हॅलो, माझा आवाज येतोय का?" नाही येत बाई. इथून तळ्यापर्यंतसुद्धा जात नाही तो.

शेवटी लॅपटॉप पिशवीत कोंबला, स्कूटर काढली आणि गेली माणिकपूरला. तिची मैत्रीण नॅन्सी तिथे ट्रॅव्हल्सचं ऑफिस चालवते. तिथल्या एका कोपऱ्यात बसून माझी मुलगी "घरून काम" करते. आठवड्यातले चार दिवस हेच. डबाही न उघडता परत आणते, म्हणे नॅन्सी जेवायला घालते.

जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "बाबा, डिसेंबरपासून मी चंदनसारला जाऊ का? कृतिकाच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी आहे. तिथे नेट कधी जात नाही."

जाऊ का — म्हणजे जातेच. पुण्याची नोकरी होती, तिथे कंटाळली, घरून करायचं काम मिळालं म्हणून परत आली. तिची आई वसुंधरा किती खूश झाली होती! मीही झालो होतो, दाखवलं नाही एवढंच. आणि आता ती पुन्हा जाणार. कशामुळे? तर आमच्या वाडीत हवेतून काहीतरी यायला हवं ते येत नाही म्हणून!

नाही जाऊ देणार. महिना संपायच्या आत नेट सरळ करतो.

४ नोव्हेंबर

फोन लागत नाही ही तक्रार करायला फोन लागेल अशा जागी जावं लागतं. म्हणजे तळ्याच्या पायऱ्यांवर. सगळं गाव तिथेच. कुणी जावयाशी भांडतंय, कुणी दादरच्या व्यापाऱ्याला फुलांचा भाव विचारतंय, सगळं जाहीर. मीही तिथेच उभा राहून कंपनीला फोन लावला. बाई गोड आवाजात सांगते, "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग उचला ना!

अर्धा तास गाणं ऐकलं. मग कट.

६ नोव्हेंबर

कंपनीचा इंजिनीअर आला. कौस्तुभ नावाचा. विरारचा, पोरगेलासा, पण गुडघे मात्र म्हाताऱ्याचे. गच्चीवर चढताना दोनदा थांबला. मोबाईलवर कसले कसले आकडे बघितले. पश्चिमेला बघितलं, पूर्वेला बघितलं, आणि म्हणाला, "काका, लोकेशनच वीक आहे तुमचं."

लोकेशन वीक! आमच्या खापरपणजोबांपासूनची वाडी आहे ही!

मी म्हटलं, चंदनसारला म्हणे जिकडे बघावं तिकडे टॉवर. आम्ही काय घोडं मारलंय? तर म्हणतो, "तिथे एका बिल्डिंगमध्ये जेवढे कस्टमर, तेवढे तुमच्या अख्ख्या आळीत नाहीत. कंपनी माणसं मोजून टॉवर लावते." म्हटलं, केळीच्या हातात एकेक मोबाईल देतो, मग लावाल? हसला. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.

पुढे त्याने आणखी अक्कल शिकवली. म्हणे टॉवर म्हणजे नुसता खांब. त्याची ताकद सगळ्यांत वाटली जाते, जितके जण वापरतील तितका प्रत्येकाचा वाटा बारीक. आणि त्या खांबाच्या पायाशीही वायरच येते, जमिनीतून, काचेची. हवेतून येतो तो फक्त शेवटचा तुकडा. म्हणजे बिनतारी बिनतारी म्हणून ज्याचा डांगोरा पिटतात ते नव्वद टक्के तारच आहे! आणि तार म्हटली की ती कुणाच्या ना कुणाच्या जमिनीतून जाणार, आणि जमीन म्हटली की भाऊबंदकी आलीच.

मी हा हवेतला राउटर घेतला होता तो एवढ्यासाठीच. विकणारा म्हणाला होता, "खांब नको, वायर नको, शेजाऱ्याची परवानगी नको." शेवटचं ऐकलं आणि तिथेच सही केली.

आता कौस्तुभ बोट दाखवून म्हणतो, "ते दोन माड दिसतात ना, ते बरोबर मध्ये येतात. झावळ्या सिग्नल खातात. ते नसते तर चाललं असतं."

बघितलं. पलीकडच्यांचे माड!

पलीकडचे म्हणजे माझे थोरले बंधू, श्रीमान दीनानाथ. वडिलांनी वाडीचे दोन वाटे केले, मध्ये बांध घातला. त्यांचं घर देवळाच्या रस्त्याला, माझं तळ्याच्या. पाठीला पाठ. बोलणं चार वर्षांपासून बंद.

७ नोव्हेंबर

दोन माड! दोन माडांपायी माझी मुलगी घर सोडणार!

८ नोव्हेंबर, शनिवार

वसुंधरा म्हणते, सगळं त्यांच्यावर ढकलू नका. का नको? सुरुवात कुणी केली? चार वर्षांपूर्वी स्वतःच्या वाट्यात टॉवर उभा करायला कोण निघालं होतं? म्हणे त्यांचा उमंग कॅनडाला गेलाय, फोनवर पोराचा चेहरा धड दिसत नाही, सावित्रीवहिनी रडतात. अरे म्हणून काय गावाच्या डोक्यावर किरणं सोडायची? मी गाव उभं केलं. काळे झेंडे, सह्या, सगळं केलं. माडाची फळं गळतील, मधमाश्या जातील, पोरांची डोकी दुखतील. कंपनी पळाली. तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती.

आता तेच लोक तळ्यावर मोबाईल उंच धरून उभे असतात आणि सरकारला शिव्या देतात. रेंज सगळ्यांना हवी, टॉवर कुणाच्याच दारात नको! नाचता येईना अंगण वाकडं.

संध्याकाळी सिप्रियनला पलीकडे पाठवलं. सिप्रियन आमच्या दोघांच्याही शेजारचा, दोघांशीही बोलतो. निरोप दिला : ते दोन माड तोडा, बदल्यात चार रोपं लावून देतो.

उत्तर आलं : "माड बापाने लावलेत, तोडणार नाही. सदाला म्हणावं, नेट हवं असेल तर येऊन विचार."

येऊन विचार! बघितलंत? मी त्यांच्या दारात जाऊन हात पसरायचे! सिप्रियन म्हणाला, "तसं नाय बोलले रे ते, बरं बोलले." बरं बोलले म्हणे. त्याला काय कळतंय!

१४ नोव्हेंबर

उद्या एकादशी, जत्रा सुरू. पाळणे लागले, मिठाईवाले बसले. आणि देवळामागच्या मैदानात एक ट्रक येऊन उभा. त्यावर घडीचा खांब. बटण दाबलं की वर. टॉवर! चाकांवरचा! जत्रेला लाखभर माणूस येतो, सगळे एकाच वेळी फोटो पाठवतात, मग जाम होतं, म्हणून म्हणे कंपनीने खास आणलाय.

घरी आलो तर मोबाईलवर सगळ्या काड्या उभ्या. स्वयंपाकघरातसुद्धा! मोरीतसुद्धा!

१७ नोव्हेंबर, सोमवार

उन्नती सकाळपासून तिच्या खोलीत कामाला बसली. एकदाही "हॅलो हॅलो" नाही. वसुंधराने तिला मध्येच चहा नेऊन दिला, मी दाराशी उगाच दोन फेऱ्या मारल्या. घर कसं असावं, तर असं.

१९ नोव्हेंबर

आज मात्र दुपारी स्कूटर काढलीच. म्हटलं, अगं रेंज भरून वाहतेय, कशाला जातेस? म्हणाली, "नॅन्सीला वाईट वाटेल बाबा, रोजची सवय झालीय." वसुंधरा लगेच, "जाऊ द्या हो तिला." बायकांचं काही कळत नाही.

येताना सुकेळी घेऊन आली. केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळलेली, वर तिहेरी गाठ. एक तोंडात टाकलं. हल्ली राजेळी केळी आहेत कुणाकडे? आणि वाळवण्याची कला आहे कुणाकडे? विचारलं कुठून आणलीस. "नॅन्सीकडे कुणीतरी दिली." माणिकपूरच्या ऑफिसात असली सुकेळी! मी चार खाल्ली. आमच्याकडे रीत होती — हंगामाची पहिली सुकेळी थोरल्याच्या घरातून धाकट्याकडे यायची, आणि आमच्याकडून सोनचाफ्याची परडी तिकडे जायची. चार वर्षांत परडी गेलेली नाही. जाणारही नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ट्रक चालला! सकाळी तळ्यावर कळलं. धावत गेलो. खांब दुमडून ठेवलेला, ड्रायव्हर दोऱ्या आवळतोय. म्हटलं, अरे कुठे नेतोस? "पुढची जत्रा, शेठ." म्हटलं, आणि आम्ही? आम्ही इथे बारा महिने राहतो! तो म्हणाला, "मला काय माहीत, मी गाडी चालवतो." पाळणे, मौत का कुआँ आणि टॉवर, सगळे एका रांगेत निघून गेले.

बघे येणार म्हणून टॉवर, राहणाऱ्यांना ठेंगा!

घरी येऊन आरडाओरडा केला. वसुंधरा भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या ट्रकखाली जाऊन झेंडे नाही दाखवलेत ते? आठ दिवस किरणं सोडत होता. कुणाच्या माडाची फळं गळली?"

आगाऊपणा! ताट सारलं आणि उठलो.

संध्याकाळी पुन्हा लाल दिवा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

उद्या उन्नतीचं मोठं काम. अकरा वाजता परदेशातले साहेब लोक बघणार, तिने वर्षभर केलेलं ती दाखवणार. जमलं तर टीम तिच्या हाताखाली येईल. चार दिवस आरशासमोर बोलतेय.

मी राग काढायला म्हणून बांधाकडे गेलो. तिकडे भांडणानंतर फिरकलोच नव्हतो. रान माजलंय. ते दोन माड नीट बघून घ्यावेत म्हटलं. आणि वर बघतो तर काय — माझ्या पोफळीवरून काळी वायर! एका पोफळीवरून दुसऱ्या, दुसरीवरून तिसऱ्या, आणि बांध ओलांडून थेट पलीकडच्यांच्या कौलांकडे! वर आणखी कहर म्हणजे तिसऱ्या पोफळीला वायरचीच एक भली मोठी गुंडाळी टांगलेली. त्यांचा अडगळीचा माल ठेवायला माझी झाडं!

तळ्यावर फ्रेडरिकला गाठलं. आमच्या भागात केबल आणि नेट तोच ओढतो. म्हणाला, "दोन वरसं झाली काका. रस्ता खोदायला परवानगी नाय मिळत. एक ऑफिस बोलते त्या ऑफिसला विचार, ते बोलते पावसाळ्यानंतर या. मग काय, झाडावरून मारली. जिकडे लोक 'नाय' बोलत नाहीत तिकडून वायर जाते. तुमच्या तीन पोफळी मधे आल्या, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत असेल! म्हणजे मी इथे हवेतल्या तुकड्यासाठी तडफडतोय, आणि हे श्रीमान माझ्याच झाडांवरून काचेची वायर नेऊन दोन वर्षं आरामात मुलाचं तोंड बघतायत. वर मला निरोप : येऊन विचार!

त्यांनी विचारलं होतं मला?

२५ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

तोडली.

उन्नती नऊलाच निघाली, दही-साखर हातावर दिली. मग इथे तिथे केलं, पेपर वाचला, वाचवेना. सव्वाअकराच्या सुमारास कोयता घेतला, शिडी लावली. एक घाव. आत केसाएवढी काच असते म्हणे, तुटताना आवाजसुद्धा झाला नाही. वायर लोंबत राहिली.

काय हलकं वाटलं! चार वर्षांत असं वाटलं नव्हतं. आता या म्हणावं, येऊन विचारा!

त्याच दिवशी, दुपार

उन्नती आली. रडत. "ऐन मध्यात गेलं बाबा. सगळे ऐकत होते आणि गेलं. पुन्हा जोडेपर्यंत ते निघून गेले." खोलीत गेली, कडी लावली.

मी नॅन्सीच्या ऑफिसला मनसोक्त शिव्या दिल्या. एवढं माणिकपूरसारखं ठिकाण आणि तिथेही हीच रड! वसुंधरा माझ्याकडे नुसती बघत राहिली. जेवण वाढून निघून गेली.

२६ नोव्हेंबर

तळ्यावर जाऊन नॅन्सीला फोन लावला. म्हटलं, बाई, तुझ्या नेटने माझ्या मुलीचं वाटोळं केलं.

ती गोंधळली. "काका, उन्नती? ती तर गेल्या वर्षीच्या गणपतीनंतर इथे आलीच नाही!"

घरी कसा पोहोचलो ते मला ठाऊक नाही. उन्नतीला समोर उभं केलं. कुठे जातेस रोज? तिने खोटं बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"मोठ्या काकांकडे. देवळाच्या रस्त्याने, पुढच्या फाटकातून. त्यांच्या मागच्या पडवीत बसते. काकूंनी उमंगदादाचं टेबल दिलंय. पण रोज लपून जायचा कंटाळा आला, म्हणून चंदनसारला जाते म्हटलं."

म्हणजे ते जेवण, ते डबा न उघडता परत येणं, ती तिहेरी गाठीची सुकेळी! चार खाल्ली मी!

वसुंधराला विचारलं, तुला माहीत होतं? "पहिल्या दिवसापासून. ती घरात राहावी म्हणून. माणिकपूरच्या रोजच्या फेऱ्यांनी ती तेव्हाच निघाली होती चंदनसारला. भावोजींनी थांबवली."

माझ्याच घरात मला सोडून सगळ्यांना सगळं माहीत! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, दुसरं काय! खूप बोललो. काय काय बोललो ते लिहीत नाही.

उन्नती शेवटी एकच बोलली. "काल पडवीतून दिसत होतं बाबा. तुम्ही शिडीवर, हातात कोयता. काकांनी बघितलं. ओरडले नाहीत. मला म्हणाले, पोरी, तू आत जा, बघू नकोस."

२७ नोव्हेंबर

त्या वायरीवर पुढची सहा घरं होती. सगळी बंद. लोक पलीकडे विचारायला गेले. सिप्रियन सांगतो, त्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं — माडाची झावळी पडली, वायर तुटली.

झावळी! मला कुणाची झाकपाक नको! मी तोडली, मी सांगतो!

तळ्यापर्यंत गेलो. कुणाला सांगितलं नाही. परत आलो.

३० नोव्हेंबर, रविवार

उन्नती गेली. कृतिका तिच्या भावाची गाडी घेऊन आली होती. दोन बॅगा, एक उशी. आठवडाभर फ्रेडरिक तालुक्याबाहेर, वायर तशीच लोंबते आहे. मी म्हटलं, जोडून घेतो, मी स्वतः सांगतो त्याला, तू थांब. पाया पडताना म्हणाली, "नेट कुठेही मिळेल बाबा. मला आता तुमच्या दोघांच्या मध्ये बसवत नाही."

राग आलाय. कुणाचा, ते कळत नाही, म्हणून जास्त आलाय.

१ डिसेंबर

राउटरवर दिवसभर हिरवा दिवा. आता!

४ डिसेंबर, गुरुवार

फ्रेडरिक आला. खांद्यावर शिडी, हातात काच जोडायचं मशीन. दारात उभा राहून म्हणाला, "मोठे काका बोलले, झाडं सदाची आहेत, चढायच्या आधी त्याला विचार." म्हटलं, चढ. स्वतः शिडी धरली. त्याने दोन टोकं मशीनमध्ये ठेवली, बारीक ठिणगी पडली, झालं. चार वर्षं भांडलो आणि जोडायला एवढंच लागतं, याचाही राग आला.

म्हटलं, आता वर आहेस तर ती गुंडाळीपण उतरव. माझ्या झाडावर कुणाची अडगळ नको.

फ्रेडरिक वरूनच म्हणाला, "अडगळ कसली काका? ती तुमचीच आहे. दोन वरसांपूर्वी वायर मारली तेव्हाच मोठ्या काकांनी सोडायला लावली. मी बोललो, एवढी कशाला, फुकट जाईल. तर बोलले, सदा आज ना उद्या विचारायला येईल. तेव्हा वायर कमी पडली असं नको व्हायला."

मी पोफळीकडे बघितलं. तिथून आमच्या पडवीपर्यंत नजरेने अंतर धरलं. पुरत होती.

"उतरवू? आत्ता देतो जोडून."

म्हटलं, थांब. आधी दादाला विचारून येतो.